घरचा कॉम्प्युटर म्हणजे तुमचं दुकान, त्याला कुलूप कोणतं लावाल?



घरून बिझनेस सुरू करणारा प्रत्येक जण मला एकदा तरी विचारतो, "सर, अँटिव्हायरस कोणता घेऊ?" नाव सांगायच्या आधी एक अनुभव सांगतो.

माझ्या एका बॅचमध्ये शाळेचे युनिफॉर्म शिवून देणाऱ्या ताई होत्या. घरात कॉम्प्युटर एकच. दिवसा ताईंची बिलं, रात्री मुलाचे गेम. अँटिव्हायरस होता, तोही पैसे भरून घेतलेला. एके रात्री मुलाने गेमची क्रॅक कॉपी उतरवली. इन्स्टॉल करताना सूचना आली, "आधी अँटिव्हायरस बंद करा." त्याने केला! सकाळी एकही फाईल उघडेना. पाच शाळांतल्या मुलांची मापं, बिलं, उधारीची यादी, सगळं कुलूपबंद आणि स्क्रीनवर खंडणीची चिठ्ठी. जून तोंडावर आलेला. ताईंनी खंडणी दिली नाही, पण मापं घ्यायला पुन्हा शाळाशाळांत फिरल्या. आणि उधारी? समोरचा सांगेल तेवढीच.

म्हणून सॉफ्टवेअर निवडताना या क्रमाने जा.

१. आधी घरात काय आहे ते बघा. विंडोज १० आणि ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट डिफेंडर फुकटच येतो. तो चालू आहे का, बघा. दुसरा अँटिव्हायरस टाकला की तो सहसा आपोआप बाजूला होतो. दोन-दोन अँटिव्हायरस एकत्र चालवू नका, मशीन रडायला लागेल. आणि विंडोजचे अपडेट पुढे ढकलू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय जगभर पसरला, पण ज्या फटीतून तो शिरला ती बुजवणारा अपडेट मार्चमध्येच आला होता. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, तेही लक्षात ठेवा.

२. पैसे कशासाठी देताय ते ठरवा. फोनवर मदत, मुलांसाठी कंट्रोल, तीन-चार मशीनना एकच लायसन्स, यातलं काही खरंच हवं असेल तर विकतचा घ्या. जाहिरातीवर जाऊ नका. जर्मनीची एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियाची एव्ही-कंपॅरेटिव्हज या संस्था नियमित चाचण्या घेतात. त्यात तीन गोष्टी बघा : संरक्षण किती, मशीन किती स्लो होतं आणि चांगल्या फाईलला चुकून व्हायरस म्हणतो का. ट्रायल घेऊन तुमच्या बिलिंग सॉफ्टवेअरसोबत चालवून बघा.

३. दुसऱ्या वर्षाचा भाव विचारा. पहिल्या वर्षी सूट, रिन्यूअलला पूर्ण दर, हे नेहमीचं आहे. दर वर्षाला दर मशीनमागे किती पडतात, तो हिशोब मांडा. "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस सापडले, या नंबरवर फोन करा" अशी खिडकी उघडली तर फोन करू नका. तो सापळा असतो.

४. बॅकअप. ताईंना अँटिव्हायरसने नाही, बॅकअपने वाचवलं असतं. एक्स्टर्नल हार्ड डिस्क घ्या, आठवड्यातून एकदा कॉपी करा आणि लगेच काढून ठेवा. जोडलेली राहिली तर तीही लॉक होईल. मुलांसाठी वेगळं साधं युजर अकाउंट करा, ॲडमिनचा पासवर्ड तुमच्याकडेच ठेवा.

जाता जाता एक आपल्या मातीतली गोष्ट. क्विक हील ही कंपनी पुण्याची. कैलाश काटकर यांनी सुरुवात केली ती कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून. पुढे धाकट्या भावाने, संजय यांनी अँटिव्हायरस बनवला आणि २०१६ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली. ही काही जाहिरात नाही हं! गिऱ्हाईकाची रोजची अडचण ओळखली की धंदा सापडतो, एवढंच सांगायचंय.

आजचा होमवर्क : डिफेंडर किंवा तुमचा अँटिव्हायरस उघडा, शेवटचा अपडेट कधीचा ते बघा आणि आजच पहिला बॅकअप घ्या. आणि ऑनलाइन फसवणुकीत पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० वर फोन करा.

ताईंचा धंदा आज चालू आहे. त्यांच्या कपाटात साड्यांच्या घडीखाली एक हार्ड डिस्क असते. दर शनिवारी बाहेर येते. तुमची कधी येणार?

भेटू पुढच्या व्हिडिओत!