सायकल कुरकुरते तेव्हा

चढावर पेडलवर जोर पडला की सायकलमधून कटकट किंवा करकर सुरू होते आणि सपाट रस्त्याला लागताच ती गायब होते. बेंगळुरूहून देवनहळ्ळीमार्गे नंदी टेकडीवर जाणाऱ्या सायकलस्वारांना हे परिचयाचे असते. शहराची उंची सुमारे 920 मीटर, टेकडीचा माथा 1,478 मीटरवर. शेवटच्या चढणीवर वेग कमी, पेडलवरचा भार जास्त आणि वाहनांचा गोंगाट कमी असतो. त्यामुळे शहरात दबून राहिलेला दोष तिथे स्पष्ट ऐकू येतो.

आवाज पायांखालून येतोय असे वाटले तरी दोष तिथेच असेल असे नाही. फ्रेमच्या पोकळ नळ्यांमधून आवाज दूरवर जातो. सीटच्या दांड्यातली कुरकुर क्रँकजवळ, म्हणजे पेडलच्या दांड्याजवळ, ऐकू येऊ शकते. म्हणून हातात पाना घेण्यापूर्वी आवाज कोणत्या तालात येतो आणि कधी थांबतो, हे पाहावे.

ताल काय सांगतो

पेडलच्या प्रत्येक फेरीत ठरावीक जागी एकदा आवाज येत असेल, तर पेडल, क्रँक, बॉटम ब्रॅकेट (क्रँकच्या अक्षाचे बेअरिंग) किंवा पुढच्या चक्रीचे बोल्ट तपासावेत. 110 कड्यांची चेन आणि पुढे 44 दात्यांची चक्री असल्यास चेनची एक फेरी पेडलच्या अडीच फेऱ्यांत पूर्ण होते. दर अडीच फेऱ्यांनी ‘टक्’ होत असेल, तर एखादी कडी आखडली किंवा वाकली आहे. चाकाच्या फेरीगणिक येणारा आवाज पेडल थांबवल्यावरही सुरू राहतो. त्याचे मूळ स्पोक, हब, ब्रेक किंवा टायरमध्ये रुतलेल्या खड्यात असते. पेडल थांबवल्यावर फ्रीव्हीलची होणारी टिकटिक मात्र दोष नव्हे.

पुढे 34 आणि मागेही 34 दाते असलेल्या गिअरवर पेडल व चाक एकाच गतीने फिरतात, तेव्हा तालावरून फरक कळत नाही. अशा वेळी गिअर बदलून पुन्हा ऐकावे.

एका वेळी एकच बदल

यानंतर चाचण्या क्रमाने कराव्यात. सीटवरून उठून पेडल मारल्यावर आवाज थांबला, तर सीट व सीटचा दांडा तपासावा. एकाच पायाने जोर दिल्यावर आवाज फक्त एका बाजूला आला, तर त्या बाजूचे पेडल किंवा क्रँक पाहावी. ठरावीक गिअरमध्येच खरखर होत असेल, तर रोख गिअर बदलणाऱ्या डिरेलरकडे आणि त्या चक्रीकडे जातो. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. चार बोल्ट एकदम आवळले आणि आवाज थांबला, तर दोष कुठे होता हे कळत नाही, आणि तो परतल्यावर शोध पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो.

चेन

सर्वाधिक आवाज चेन करते, आणि बेंगळुरूत त्याला कारणही आहे. लालबागेत उघडा दिसणारा नाइस खडक झिजून झालेल्या मातीत क्वार्ट्झचे कण असतात. हे कण पोलाद झिजवण्याइतके कठीण आहेत. त्यात मेट्रोच्या कामांची धूळ आणि मेपासून ऑक्टोबरपर्यंतचा पाऊस. ओल्या तेलात धूळ मिसळली की तयार होणारा काळा लगदा चेनच्या पिना घासत राहतो.

चेन प्रत्यक्षात ताणली जात नाही. पिना आणि त्यांच्या भोवतीची भोके झिजल्याने प्रत्येक सांधा किंचित सैल होतो आणि एकूण लांबी वाढते. रोलर चेनचे पेटंट हान्स रेनॉल्ड यांनी 1880 मध्ये घेतले. आजच्या सायकल चेनमध्ये लागोपाठच्या दोन पिनांतील अंतर अर्धा इंच, म्हणजे 12.7 मिलिमीटर असते. पोलादी पट्टीचा शून्य एका पिनेच्या मध्यावर ठेवला, तर नव्या चेनची त्यापुढची चोविसावी पिन बरोबर 12 इंचांवर, म्हणजे 304.8 मिलिमीटरवर येते. ती दीड मिलिमीटर पुढे गेली, तर झीज अर्धा टक्का झाली. 11 किंवा 12 गिअरच्या कॅसेटवर (मागच्या चक्र्यांच्या संचावर) तेव्हाच चेन बदलावी. 8 ते 10 गिअरची कॅसेट पाऊण टक्क्यापर्यंत चालवून घेते. उशीर केल्यास कॅसेटचे दातेही झिजतात आणि नवी चेन त्यांवर घसरते.

आखडलेली कडी शोधण्यासाठी पेडल सावकाश उलटे फिरवावे आणि डिरेलरच्या खालच्या चाकीवर नजर ठेवावी. ती कडी चाकीवरून जाताना पूर्ण वळत नाही, त्यामुळे किंचित उचलली जाते आणि डिरेलरला झटका बसतो. तेल देताना चेन आधी पुसावी, प्रत्येक रोलरवर एक थेंब टाकावा आणि बाहेरचे तेल कापडाने टिपून घ्यावे. बाहेर राहिलेले तेल फक्त धूळ गोळा करते.

डिरेलर आणि क्रँक

सलग खरखर होत असेल, तर बऱ्याचदा केबलचा ताण बिघडलेला असतो. केबलच्या टोकाची समायोजन नळी पाव फेरीने फिरवून पाहावे. सायकल उजव्या बाजूला पडली असेल, तर डिरेलर ज्या पट्टीवर बसतो ती हँगर वाकलेली असू शकते. तेव्हा केबल कितीही जुळवली तरी सर्व गिअर एकाच वेळी नीट बसत नाहीत.

भाराखालची कुरकुर बहुतेकदा कोरड्या सांध्यांची असते. पेडल काढून आट्यांना ग्रीस लावून पुन्हा बसवणे हा सर्वांत सोपा उपाय आहे. डाव्या पेडलच्या आट्या उलट्या असतात, त्यामुळे ते सोडवताना पाना घड्याळाच्या दिशेने फिरवावा. 68 मिलिमीटरच्या आट्यांच्या बॉटम ब्रॅकेटमध्ये उजव्या बाजूचा कप असाच उलट्या आट्यांचा असतो. शिमानोच्या दोन बोल्टच्या क्रँकला 12 ते 14 न्यूटन-मीटर टॉर्क सांगितलेला असून दोन्ही बोल्ट आलटून-पालटून थोडे थोडे आवळावेत. जुन्या एकगिअरी सायकलींत क्रँक कॉटरने बसवलेली असते. ही पाचरीसारखी पिन झिजली की फेरीगणिक ‘ठक्’ होते आणि क्रँक किंचित हलते. अशी पिन आवळून भागत नाही, बदलावीच लागते.

फसवे आवाज

एवढे करूनही आवाज राहिला, तर चेनव्यवस्थेबाहेर पाहावे. केबलचे मोकळे टोक क्रँकला फेरीगणिक लागते. बाटलीच्या होल्डरचे सैल स्क्रू, क्विक रिलीझ आणि स्टेमचे बोल्टही असाच आवाज करतात. क्रँक अक्षावर हलत असेल किंवा फ्रेमच्या वेल्डिंगजवळ बारीक तडा दिसला, तर सायकल तिथेच थांबवावी. सैल क्रँक चालवत राहिल्यास तिचा अक्षावर बसणारा भाग कायमचा खराब होतो, आणि तडा गेलेली फ्रेम चढाच्या भाराखाली अचानक मोडू शकते. हे दोन दोष जाणकार मेकॅनिककडेच दाखवावेत. बाकीचे तालावर लक्ष ठेवून आणि एकेक बदल करून घरीच शोधता येतात.