दहा वर्षांची एक लाट

नारायणगावहून खोडदकडे निघालं की द्राक्षबागा आणि कांद्याच्या शेतांमधून अधूनमधून अवाढव्य तबकड्या डोकं वर काढताना दिसतात. प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. जवळ जाऊन पाहिलं तर तबकडी भरीव नाहीच. अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जाड अशा पोलादी तारेची ती जाळी आहे आणि तिच्या आरपार आभाळ दिसतं. ही युक्ती रेडिओ-खगोलशास्त्रज्ञ डॉ. गोविंद स्वरूप यांची. ज्या रेडिओ लहरी पकडायच्या त्या वीतभरापासून पुरुषभर लांबीच्या. त्यांच्या लेखी बोटभर भोकं नसल्यासारखीच. वारा मात्र त्या भोकांतून निघून जातो. त्यामुळे तबकडीला आधार कमी लागतो, पोलाद कमी लागतं, पैसेही कमी लागतात. अशा ३० तबकड्यांची मिळून जीएमआरटी ही दुर्बीण बनली आहे. १४ तबकड्या खोडदला मध्यभागी दाटीवाटीने आहेत आणि उरलेल्या १६ तीन फाट्यांवर सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत.

२९ जून २०२३ रोजी जगातल्या चार गटांनी एकाच वेळी एक निष्कर्ष जाहीर केला. एक गट उत्तर अमेरिकेचा, एक ऑस्ट्रेलियाचा, एक चीनचा आणि चौथा युरोपचा. युरोपच्या गटात भारत आणि जपानचे शास्त्रज्ञ सामील होते आणि त्यांच्या नोंदी खोडदच्या याच तबकड्यांनी घेतल्या होत्या. निष्कर्ष असा: आपण सगळे, पृथ्वी, सूर्य आणि आजूबाजूचे तारे, गुरुत्वीय लहरींच्या अखंड हेलकाव्यात आहोत आणि त्यातली एकेक लाट पुरी व्हायला कित्येक वर्षं लागतात.

बातम्यांनी याला ‘विश्वाची गुणगुण’ म्हटलं. छान वाटतं, पण यात आवाज नाही. अवकाशात हवाच नाही, तर आवाज कुठला? गुरुत्वीय लहर म्हणजे खुद्द अवकाशाचं ताणणं आणि आकसणं. २०१५ मध्ये अमेरिकेच्या लायगो उपकरणाने अशी पहिली लहर पकडली तेव्हा सगळा खेळ सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यात आटोपला होता. सूर्याच्या तीसेक पट वजनाची दोन कृष्णविवरं एकमेकांत विलीन झाली होती आणि चार किलोमीटर लांबीच्या नळ्यांमधल्या लेसरने ते टिपलं. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभं राहायचं आहे ते याच जातीचं यंत्र. पण ज्या लाटेला एका हेलकाव्यासाठी दहा वर्षं लागतात, तिची लांबी दहा प्रकाशवर्षं असते. चार किलोमीटरच्या नळीला तिचा पत्ताही लागणार नाही. तिच्यासाठी हजारो प्रकाशवर्षं लांबीचं उपकरण हवं.

ते उपकरण आयतं मिळालं. त्याची गोष्ट १९६७ पासून सुरू होते. केंब्रिजला जोसेलिन बेल या विद्यार्थिनीला कागदाच्या लांबलचक पट्ट्यांवर दर सव्वा सेकंदाला, नेमकं सांगायचं तर १.३३७ सेकंदांनी, उमटणारा एक ठोका दिसला. तो इतका नियमित होता, की त्या मंडळींनी गमतीने त्याचं नाव ‘छोटी हिरवी माणसं’ असं ठेवलं. तो निघाला न्यूट्रॉन तारा. सूर्याहून जास्त वस्तुमान वीसेक किलोमीटरच्या गोळ्यात कोंबलेलं, स्वतःभोवती फिरणारं, आणि प्रत्येक फेरीला रेडिओ किरणांचा झोत आपल्या अंगावरून फिरवणारं. अशा ताऱ्यांना पल्सार म्हणतात. (या शोधाचं नोबेल १९७४ मध्ये बेलच्या मार्गदर्शकाला, अँटनी ह्युईश यांना मिळालं, मार्टिन राइल यांच्यासह, बेलला नाही. त्यावरचा राग अजून शमलेला नाही, आणि शमायचं कारणही नाही.)

पण सव्वा सेकंदाचा पल्सार या कामाला पुरेसा नव्हता. १९८२ मध्ये डोनाल्ड बॅकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना सेकंदाला तब्बल ६४२ फेऱ्या मारणारा पल्सार सापडला. त्या सहकाऱ्यांत बर्कलीला पीएच.डी. करणारा एक तरुण होता, श्रीनिवास कुलकर्णी. जन्म कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाडचा; पुढे २०२४ मध्ये त्यांना शॉ पुरस्कार मिळाला. एखाद्या शहराएवढा गोळा स्वयंपाकघरातल्या मिक्सरहून वेगाने फिरतो आहे, हे पचायलाच जड. पण खरी मौज वेगात नव्हती, त्या वेगाच्या स्थैर्यात होती. असे मिलिसेकंद पल्सार वर्षानुवर्षं मोजले तर आपल्या अणुघड्याळांच्या जवळपास जाईल असा नेमकेपणा दाखवतात. पुढचा ठोका केव्हा येणार, हे आधी सांगता येतं.

आता त्या पल्सारच्या आणि आपल्या मधून गुरुत्वीय लाट जाते आहे असं धरा. मधलं अवकाश किंचित ताणलं, तर ठोका किंचित उशिरा येईल. आकसलं, तर लवकर. किंचित म्हणजे किती? कित्येक वर्षांच्या नोंदीत मिळून सेकंदाच्या एक कोटीव्या भागाच्या आसपास. तेवढ्या वेळात प्रकाश तीस मीटर जातो. ठोका उशिरा येण्याची साधी कारणं तर शंभर असतात. मग उशीर लाटेमुळेच झाला हे ओळखायचं कसं?

समजा, स्वारगेटच्या स्टँडवर उभं राहून तुम्ही येणाऱ्या एसटींच्या वेळा टिपता आहात. एकच गाडी उशिरा आली तर दोष त्या गाडीचा. सगळ्या गाड्या सारख्याच उशिरा आल्या तर स्टँडचं घड्याळ चुकलंय. साताऱ्याकडच्या सगळ्या लवकर आणि नाशिककडच्या सगळ्या तेवढ्याच उशिरा, तर मग तुम्हीच साताऱ्याच्या बाजूला सरकून उभे आहात. पल्सारच्या बाबतीत ही तिन्ही संकटं खरोखर येतात. शेवटचं तर फारच. पृथ्वी सूर्यमालेच्या वस्तुमानकेंद्रापासून नेमकी कुठे आहे हे कळण्यासाठी गुरू ग्रहाची कक्षा अचूक माहीत असावी लागते, आणि तिच्यातल्या जराशा चुकीने एकेकाळी अमेरिकी गटाचे हिशोब डळमळले होते. गुरुत्वीय लाटेची खूण मात्र या तिन्हींहून वेगळी. आकाशात शेजारी असलेले पल्सार एकत्र बिघडतात; काटकोनात असलेले एकमेकांच्या उलट; आणि अगदी समोरासमोरचे पुन्हा बऱ्यापैकी एकत्र. रोनाल्ड हेलिंग्ज आणि जॉर्ज डाउन्स यांनी ही वक्ररेषा १९८३ मध्ये गणिताने काढून ठेवली होती. अमेरिकी गटाने ६७ पल्सारांच्या २,२११ जोड्या लावल्या तेव्हा नोंदी त्या रेषेच्या मागोमाग चालताना दिसल्या. रेषा कागदावर आली तेव्हापासून या दिवसापर्यंत मध्ये चाळीस वर्षं गेली होती.

खोडदने यात काय केलं? हा भाग बातम्यांत एका ओळीत उरकला गेला, आणि माझ्या मते तोच सगळ्यात रंजक आहे.

ताऱ्यांच्या मधली जागा रिकामी नाही. तिथे विरळ का होईना, मोकळे इलेक्ट्रॉन भटकत असतात आणि ते रेडिओ लहरींना उशीर करतात. सगळ्यांना सारखा नाही: कंप्रता निम्मी झाली की उशीर चौपट. जे१७१३+०७४७ हा सुमारे पावणेचार हजार प्रकाशवर्षांवरचा पल्सार घ्या. त्याचा एकच ठोका १४०० मेगाहर्ट्झला ऐकला आणि ४०० मेगाहर्ट्झला ऐकला, तर दुसरा जवळजवळ ०.३८ सेकंद मागे पडलेला असतो. तेवढ्यात त्या पल्सारच्या ऐंशीहून अधिक फेऱ्या झालेल्या असतात! हा उशीर कायम तेवढाच राहिला असता तर वजा करून मोकळं होता आलं असतं. पण पल्सार सरकतो, पृथ्वी सरकते, मधले इलेक्ट्रॉनचे ढग बदलतात, शिवाय आपल्या सूर्याचा वारा कमीजास्त होतो. त्यामुळे उशीरही वर्षानुवर्षं हळूहळू डुलत राहतो. आणि हळू डुलणं हीच तर आपण शोधत असलेल्या लाटेची चाल. ढगांची चाल लाटेची म्हणून खपून जायला वेळ लागत नाही.

उपाय एकच. उशीर जिथे सर्वांत ठळक, त्या खालच्या कंप्रतेला मोजायचं आणि त्याच वेळी वरच्या कंप्रतेलाही. जगातल्या पल्सार मोजणाऱ्या बहुतेक मोठ्या दुर्बिणींचा भर वरच्या पट्ट्यावर असतो. सुधारित जीएमआरटीला मात्र ३० तबकड्या वाटून घेता येतात. काही ३०० ते ५०० मेगाहर्ट्झला ऐकतात आणि काही त्याच क्षणी १४०० च्या आसपास. एकाच ठोक्याच्या दोन नोंदी हाती आल्या की मधल्या ढगाचा वाटा काढून बाजूला ठेवता येतो. इंडियन पल्सार टायमिंग ॲरे या भारतीय-जपानी गटाने २०२२ मध्ये १४ पल्सारांच्या साडेतीन वर्षांच्या अशा नोंदी प्रसिद्ध केल्या. साडेतीन वर्षं म्हणजे युरोपच्या जवळपास पंचवीस वर्षांपुढे काहीच नाही. पण निकालात एक गोष्ट पुढे आली, ती मला फार बोलकी वाटते. युरोपची सगळी पंचवीस वर्षं एकत्र घेतली तर खूण पुसट दिसत होती. जुन्या नोंदी सोडून अलीकडची दहा वर्षंच घेतली तेव्हा ती ठसठशीत झाली. जुनी यंत्रं अरुंद पट्ट्यात ऐकत होती, त्यांना ढग नीट वजा करता येत नव्हते, हे त्याचं एक संभाव्य कारण. नोंदी जास्त असून भागत नाही, हे पंचवीस वर्षं नोंदी ठेवलेल्यांना मान्य करावं लागलं.

वर ज्याचं उदाहरण घेतलं तो जे१७१३ सगळ्या गटांचा लाडका पल्सार. भरवशाचा. २०२१ च्या एप्रिलमध्ये त्याने अचानक आपल्या ठोक्याचा आकारच बदलला. चीन आणि अमेरिकेप्रमाणे खोडदच्या नोंदींतही तो बदल स्पष्ट दिसला, आणि कंप्रतेप्रमाणे तो वेगवेगळा होता. पुढे कित्येक महिने तो हळूहळू पूर्वपदावर येत राहिला. घड्याळं म्हणून ज्यांच्यावर भिस्त ठेवायची, त्या ताऱ्यांनाही स्वतःचं हवामान असतं असं म्हणायचं.

या लाटा उठवतं कोण? सर्वांत सरळ उत्तर: महाकाय कृष्णविवरांच्या जोड्या. आपल्या आकाशगंगेच्या केंद्रातलं कृष्णविवर सूर्याच्या सुमारे ४३ लाख पट आहे. मोठ्या दीर्घिकांच्या केंद्रातली कृष्णविवरं अब्जावधी पटींपर्यंत जातात. दोन दीर्घिका एकमेकींत मिसळल्या की त्यांची कृष्णविवरं आजूबाजूच्या ताऱ्यांना ढकलत, स्वतःची गती गमावत मध्याकडे बुडतात आणि शेवटी एकमेकांभोवती फिरू लागतात. पण तीन-चार प्रकाशवर्षांच्या अंतरावर आली की ढकलायला तारेच उरत नाहीत. जोडी तिथेच अडकून पडेल, कधी मिसळणारच नाही, अशी शंका सिद्धांतवाल्यांना कित्येक वर्षं छळत होती. २०२३ चा निकाल बरोबर असेल तर जोड्या अडकत नाहीत. उलट लाटांची ताकद अनेकांच्या अपेक्षेपेक्षा थोडी जास्तच भरली. जोड्या जास्त आहेत, की अधिक वजनदार आहेत, की लवकर जवळ येतात, यावर वाद चालू आहे. विश्वाच्या जन्मानंतरच्या पहिल्या क्षणांतली उलथापालथ याच्या मागे असावी, असं म्हणणारेही आहेत. त्यांना अजून कुणी खोटं पाडलेलं नाही, पण मला कृष्णविवरांचं पारडं जड वाटतं.

अजून एक हातचा राखून ठेवायला हवा. पदार्थविज्ञानात शोध लागला असं ठामपणे म्हणायला पाच सिग्माची अट असते, म्हणजे निव्वळ योगायोगाची शक्यता ३५ लाखांत एक. २०२३ चे बहुतेक निकाल तीन-चार सिग्माच्या आसपास होते. डिसेंबर २०२४ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या मीरकॅट दुर्बिणीने ८३ पल्सारांच्या अवघ्या साडेचार वर्षांच्या नोंदींतून तसाच संकेत दाखवला, तोही याच पातळीचा. आता सगळ्या गटांच्या नोंदी एकत्र करायचं काम चालू आहे. त्यात खोडदचाही वाटा आहे.

आणि याच खोडदवरून गेली काही वर्षं आपल्याकडे एक वेगळाच तंटा पेटलेला आहे. पुणे-नाशिक सेमी-हायस्पीड रेल्वेचा मार्ग नारायणगाव-संगमनेरवरून आखला होता. जीएमआरटीला अडथळा होईल म्हणून रेल्वेमंत्र्यांनी त्याला नकार दिला आणि गाडी शिर्डीकडून न्यायचा विचार पुढे आला. जुन्नर, संगमनेरची माणसं चिडली. चिडणारच, स्टेशन गेलं तर टोमॅटो आणि द्राक्षांचं गणित बदलतं, आणि शेजारची दुर्बीण त्यांना दर २८ फेब्रुवारीच्या विज्ञान प्रदर्शनापलीकडे फारशी भेटत नाही. पण विजेच्या तारेवरून घासत जाणाऱ्या गाडीच्या ठिणग्या खालच्या कंप्रतांमध्येच सर्वाधिक गोंगाट करतात, म्हणजे नेमक्या त्या पट्ट्यात, ज्याच्यासाठी जगाला खोडद लागतं. दिवसातून मोजक्याच गाड्या जातील, तेवढं चालवून घ्या, असंही म्हणता येत नाही. दहा वर्षांची लाट मोजायची, तर पहिल्या वर्षीची शांतता दहाव्या वर्षीही तशीच असावी लागते. मार्ग वळवावा, या बाजूचा मी आहे. वळवलेल्या मार्गाचा खर्च मात्र जुन्नर तालुक्याच्या वाट्याला का, या प्रश्नाचं उत्तर कोणत्याही दुर्बिणीकडे नाही, ते मंत्रालयातून आणि रेल्वे भवनातूनच यावं लागेल.