नकलेचा वेग आणि अस्सलाचे मोल

नक्कल ही अस्सलापेक्षा हिणकसच असावयाची, अशी व्यवहारातली रूढ समजूत आहे. खोटे नाणे वाजत नाही, मुलाम्याचे दागिने काळे पडतात, या अनुभवावर ती आधारलेली आहे. परंतु जगात असा एक बाजार आहे की जेथे ही समजूत उलटी पडते. जुन्या नामांकित स्पोर्ट्स मोटारी आणि सुट्या भागांच्या संचातून जोडलेल्या त्यांच्या प्रतिकृती यांचा हा बाजार. वेग, पकड, ब्रेक, टिकाऊपणा अशा मोजता येण्याजोग्या बहुतेक कसोट्यांवर चांगली प्रतिकृती मूळ गाडीला मागे टाकते. किंमत मात्र मूळ गाडीचीच कित्येक पटींनी अधिक. हे कोडे केवळ हौशी श्रीमंतांचे नाही. माणूस पैसे मोजतो तेव्हा तो नेमके कशाचे पैसे मोजतो, हा अर्थशास्त्रातला मूलभूत प्रश्न त्यात दडलेला आहे.

या बाजारातील सर्वांत बोलके उदाहरण 'कोब्रा' या मोटारीचे. इंग्लंडमधील सरे परगण्यातील एसी कार्स ही छोटी कंपनी १९५३ पासून 'एस' नावाची हलकी, उघडी मोटार बनवीत असे. तिला लागणारे ब्रिस्टल कंपनीचे इंजिन १९६१ मध्ये बंद होण्याच्या मार्गावर आले. त्याच सुमारास कॅरोल शेल्बी या टेक्सासच्या माणसाने एसीला पत्र लिहिले. १९५९ ची ल माँची चोवीस तासांची शर्यत जिंकणाऱ्या जोडीपैकी तो एक होता. ब्रिटिश सांगाड्यात फोर्डचे आठ सिलिंडरांचे अमेरिकन इंजिन बसवावे, अशी त्याची सूचना होती. १९६२ मध्ये पहिली कोब्रा तयार झाली. पुढे गाड्या इंजिनाविना इंग्लंडहून निघत आणि कॅलिफोर्नियात शेल्बीच्या कारखान्यात त्यांना इंजिन बसविले जाई. म्हणजे आज जिला अस्सल म्हणून पूजिले जाते, ती मोटार जन्मतःच दोन देशांतील भाग जुळवून केलेली होती. साठीचे दशक संपण्यापूर्वी तिचे उत्पादन थांबले, तोवर सुमारे एक हजार गाड्याच तयार झाल्या होत्या.

घड्याळाचा निर्णय

प्रथम कामगिरीचा हिशेब पाहू. कोब्राची सात लिटर इंजिनाची सर्वांत बलवान आवृत्ती १९६५ मध्ये आली. स्थिर अवस्थेतून ताशी ६० मैलांचा वेग ती साडेचार सेकंदांच्या आत गाठी. त्या काळी हा आकडा अचंबित करणारा होता. आज अमेरिकेत संच विकत घेऊन जोडलेली आणि आधुनिक फोर्ड इंजिन बसविलेली प्रतिकृती हेच अंतर चार सेकंदांच्या आसपास किंवा त्याहूनही लवकर कापते. मूळ गाडीचा सांगाडा म्हणजे मुख्यतः दोन जाड पोलादी नळ्यांची शिडी. ती आखली गेली दोन लिटरच्या इंजिनासाठी. मागाहून नळ्या जाड केल्या, पट्ट्यांच्या स्प्रिंगांऐवजी गुंडाळीच्या स्प्रिंगा आल्या, तरी मूळची मर्यादा राहिलीच. प्रतिकृतीचा सांगाडा आडव्यातिडव्या नळ्यांनी बांधलेला, अधिक ताठ असतो. टायर आजचे असतात, ब्रेक आजचे असतात. साठ वर्षांच्या तंत्रज्ञानाची शिदोरी तिच्या पाठीशी असते. ती सरस ठरली नसती तरच नवल.

तथापि दोन गोष्टी येथे ध्यानात घेतल्या पाहिजेत. पहिली म्हणजे, प्रतिकृती जे इमानाने उचलते त्यात मूळचा दोषही येतो. कोब्राचा उघडा, गोलाकार आकार वाऱ्याला फार विरोध करतो. ल माँच्या लांब सरळ रस्त्यावर ती फेरारीपुढे टिकत नसे. म्हणूनच १९६४ मध्ये शेल्बीच्या चमूला बंद छपराची निराळी 'डेटोना' मोटार बांधावी लागली. तेथे सुडौल आकाराने जे साधले ते उघड्या कोब्राला नुसत्या अश्वशक्तीने साधले नव्हते. आज प्रतिकृतीत कितीही बलाढ्य इंजिन घातले तरी वाऱ्याची ही पट्टी तिला भरावीच लागते.

दुसरी गोष्ट संख्याशास्त्राची आहे. कारखान्यातून निघालेल्या गाड्यांत परस्परांत फरक थोडा असतो. घरच्या गॅरेजात जोडलेल्या गाड्यांत तो अफाट असतो. एक नट सैल राहिला, चाकांचा कोन चुकला, इंधनाची नळी भलतीकडून नेली, की उत्तम संचातून धोकादायक गाडी तयार होते. म्हणून 'प्रतिकृती सरस' हे विधान उत्तम जोडलेल्या प्रतिकृतीपुरतेच खरे. सरासरी सांगून विचलन लपविणे हा जसा आकडेवारीतला अप्रामाणिकपणा, तसाच तो येथेही होईल.

करातून जन्मलेला धंदा

सुट्या भागांच्या मोटारींचा धंदा वाढला त्यामागे हौसेइतकाच करही आहे. ब्रिटनमध्ये पूर्ण तयार मोटारीवर खरेदी कर भरावा लागे. संच म्हणून विकलेल्या मोटारीवर तो नसे. कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने १९५७ मध्ये आणलेली 'सेव्हन' ही चिमुकली मोटार याच सवलतीवर अनेक मध्यमवर्गीय तरुणांच्या आवाक्यात आली. संचासोबत जोडणीच्या सूचना देता येत नसत. तेव्हा मोटार सुटी कशी करावी याच्या सूचना दिल्या जात आणि ग्राहक त्या उलट्या क्रमाने वाचीत, असे सांगितले जाते. १९७३ मध्ये मूल्यवर्धित कर आला आणि ही पळवाट बुजली. त्याच वर्षी सेव्हनचे हक्क केटरहॅम कार्सकडे गेले. लोटसच्या आरंभीच्या सेव्हनला ताशी ६० मैल गाठण्यास सुमारे सोळा सेकंद लागत. केटरहॅमच्या ६२० आर या गाडीला तीन सेकंदही लागत नाहीत. वंश तोच, आकृती जवळजवळ तीच, अंतर मात्र पाचपटींहून अधिक. सेव्हनचे लोण महाराष्ट्रातही पोहोचले. तिच्या धाटणीची, इसुझूचे १.८ लिटरचे इंजिन असलेली छोटी मोटार चिंकारा मोटर्सने रायगड जिल्ह्यात अलिबागजवळ बनविली होती.

मग किंमत कशाची?

आता मोलाकडे वळू. साठीच्या दशकाच्या आरंभी कोब्रा सुमारे सहा हजार डॉलरांना मिळे. महागाईचा हिशेब केला तर ती रक्कम २०१६ मध्ये पन्नास हजारांच्या आतच राहिली असती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पहिली कोब्रा कॅलिफोर्नियातील लिलावात १ कोटी ३७ लाख ५० हजार डॉलरांना गेली. उघडच आहे की हे मोल वेगाचे नव्हे. पाणी अत्यावश्यक असून स्वस्त आणि हिरा निरुपयोगी असून महाग का, हा प्रश्न अॅडम स्मिथने १७७६ मध्ये मांडला होता. कोब्राच्या बाबतीत प्रतिकृती हे पाणी आहे आणि मूळ गाडी हा हिरा. प्रतिकृती मागणीनुसार हव्या तितक्या बनविता येतात. १९६२ सालात बनलेली गाडी आता एकही वाढविता येत नाही. पुरवठा गोठलेला आणि मागणी जगभरची, अशा वेळी किंमतीला वरची मर्यादा उरत नाही. जे इतरांजवळ नाही म्हणूनच मौल्यवान, अशा वस्तूंचे विवेचन फ्रेड हर्श या अर्थशास्त्रज्ञाने १९७६ मध्ये केले होते. अस्सल कोब्रा त्याचा चालताबोलता दाखला आहे.

असे असल्यामुळेच अस्सलतेचा पुरावा, म्हणजे सांगाड्यावरचा क्रमांक, हा गाडीपेक्षाही मोलाचा होतो आणि तेथे लबाडीला वाट मिळते. १९९० च्या दशकाच्या आरंभी खुद्द शेल्बीवरच वादाचे सावट आले. १९६५ पासून शिल्लक राहिलेले म्हणून पुढे आलेले सांगाडे प्रत्यक्षात नव्याने बनविलेले असल्याचे वृत्त लॉस एंजेलिसच्या वृत्तपत्राने १९९३ मध्ये दिले. मूळ निर्मात्यानेच नव्याने केलेली वस्तू अस्सल की नक्कल? उलट, साठीच्या दशकात सात लिटरची म्हणून विकलेल्या काही अस्सल गाड्यांत शर्यतीच्या इंजिनाऐवजी स्वस्त व सौम्य इंजिन बसविलेले होते, हेही नमूद झालेले आहे. अस्सलता आणि गुणवत्ता या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, याचा याहून स्पष्ट दाखला मिळणार नाही.

कायद्याची भूमिकाही देशोदेशी वेगळी आहे. २०१९ मध्ये इटलीतील बोलोन्याच्या न्यायालयाने फेरारी २५० जीटीओच्या आकृतीला कलाकृती म्हणून संरक्षण दिले. अमेरिकेने २०१५ च्या कायद्याने निराळा मार्ग धरला. किमान पंचवीस वर्षे जुन्या मोटारींच्या प्रतिकृती एका छोट्या उत्पादकाने वर्षाला ३२५ पर्यंत तयार स्वरूपात विकाव्यात, अशी मुभा त्याने दिली. धूरनियंत्रणाचे दंडक मात्र कायम ठेवले. लोकहिताच्या दृष्टीने हा दुसरा मार्ग अधिक शहाणपणाचा वाटतो. रस्त्यावरच्या माणसाला गाडीचा आकार कोणाच्या मालकीचा याच्याशी कर्तव्य नसते. तिचे ब्रेक लागतात की नाही याच्याशी असते. शासनाने तपासावी ती सुरक्षितता आणि प्रामाणिकपणा, म्हणजे प्रतिकृती ही प्रतिकृती म्हणूनच विकली जाते की नाही, एवढेच.

शेवटी राहतो तो नीतीचा प्रश्न. ज्याने संच आणून वर्षभर रात्री जागून मोटार जोडली आणि ती प्रतिकृतीच आहे असे उघड सांगितले, त्याने कोणालाही फसविले नाही. अस्सल गाडीला कोटीची बोली लावणाराही इतिहासाचे मोल देत असेल तर त्यालाही दोष देता येत नाही. त्याने ते वेगाचे मोल आहे असे मात्र म्हणू नये. या व्यवहारातली खरी हानी तिसऱ्याच ठिकाणी आहे. किंमत जसजशी चढते तसतशी अस्सल गाडी रस्त्यावरून तिजोरीसारख्या कोठारात जाते, कारण धावण्याची प्रत्येक खेप म्हणजे भांडवलाला धोका. जी धावण्यासाठी जन्मली ती ठेव होऊन बसते, आणि तिचे जे सर्वस्व होते ते, म्हणजे वारा, आवाज, वळणावरची थरथर, सामान्य माणसासाठी जिवंत ठेवण्याचे काम नकलेवर येऊन पडते. अस्सलाचा मान अस्सलाला जरूर मिळावा. परंतु अस्सल कुलपात आणि नक्कल रस्त्यावर असेल, तर मूळ मोटारीचा हेतू त्या दोघींपैकी कोणी सांभाळला, हे ठरविणे कठीण नाही.