‘मिंट’ या इंग्रजी शब्दाचे अर्थ आणि मुळे : भाषाशिक्षणाच्या दृष्टीने एक विचार

प्रास्ताविक

हैदराबादमध्ये नामपल्लीला लागूनच सैफाबाद आहे. तेथील ‘मिंट कंपाउंड’ हा पत्ता शहरातील बहुतेकांना ठाऊक असतो. नामपल्लीच्याच एखाद्या दुकानात मात्र ‘मिंट’ म्हटले की दुकानदार पुदिन्याच्या स्वादाची गोळी पुढे करतो. उर्दू, मराठी किंवा तेलुगू माध्यमातून आलेला विद्यार्थी येथे गोंधळतो आणि इंग्रजी शब्दांना नियमच नसतो, असे मानू लागतो. अर्थांची यादी पाठ करून हा समज दूर होत नाही. त्यासाठी शब्दांची मुळे दाखवावी लागतात.

पहिले मूळ : नाणे

प्राचीन रोममध्ये जुनो मोनेटा या देवीच्या मंदिरापाशी नाणी पाडली जात. तिच्या नावावरून लॅटिनमध्ये ‘मोनेटा’ हा शब्द टाकसाळ व नाणे या अर्थी रूढ झाला. जुन्या इंग्रजीत तो ‘मिनेट’ या रूपात आला, तेव्हा त्याचा अर्थ ‘नाणे’ असा होता. ‘नाणी पाडण्याची जागा’ हा अर्थ पुढे आला. हाच लॅटिन शब्द फ्रेंचमार्गे पुन्हा इंग्रजीत शिरला आणि ‘मनी’ झाला. म्हणजे ‘मिंट’ आणि ‘मनी’ ही एकाच घरातली भावंडे आहेत.

नाणी पाडणे, पुष्कळ पैसा कमावणे, अगदी कोरी करकरीत वस्तू (‘मिंट कंडिशन’) हे सारे अर्थ याच मुळाला फुटलेल्या फांद्या आहेत. टाकसाळीतून नुकतेच बाहेर पडलेले नाणे डोळ्यांपुढे आणले की ‘कोरी करकरीत’ हा अर्थ वेगळा पाठ करावा लागत नाही.

दुसरे मूळ : वनस्पती

पुदिनावर्गीय वनस्पतीला ग्रीकमध्ये ‘मिंथे’ व लॅटिनमध्ये ‘मेंथा’ म्हणत. जुन्या इंग्रजीत त्याचे ‘मिंटे’ झाले. वनस्पती, तिचा स्वाद आणि त्या स्वादाची गोळी अशी येथील अर्थांची साखळी आहे. पहिल्या ‘मिंट’शी तिचे काहीही नाते नाही. काळाच्या ओघात उच्चार झिजले आणि दोन वेगळे शब्द एकाच रूपात येऊन मिळाले. जर्मन भाषेत आजही नाण्याला ‘म्युन्त्से’ आणि या वनस्पतीला ‘मिन्त्से’ असे वेगवेगळे शब्द आहेत.

स्कॉटलंडकडील बोलीत ‘हेतू धरणे, नेम धरणे’ या अर्थाचे तिसरेही ‘मिंट’ आहे. ते ‘माइंड’च्या नात्यातले आहे.

दख्खनची टाकसाळ

निजामाची टाकसाळ 1803 मध्ये सुरू झाली व 1903 मध्ये सैफाबादला आली. 1950 मध्ये ती भारत सरकारकडे गेली आणि 1997 मध्ये चेर्लापल्लीला हलली. सैफाबादच्या जुन्या वास्तूत 2022 मध्ये संग्रहालय उघडले. हैदराबाद संस्थानाचा ‘हाली सिक्का’ मराठवाड्यातही चालत असे. सात हाली रुपये म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थानचे सहा रुपये, असा त्याचा हिशेब होता.

‘सिक्का’ हा शब्द मुळात अरबी असून त्याचा अर्थ नाण्यावर छाप उमटवण्याचा ठसा असा होता. तोच इटालियनमध्ये ‘झेक्का’ म्हणजे टाकसाळ झाला आणि त्यातूनच पुढे इंग्रजीत ‘सिक्विन’ म्हणजे टिकली आली. उर्दूत प्रमाण भाषेला ‘टकसाली’ म्हणतात, तेही याच व्यवसायावरून.

वर्गातील उपयोग

संस्कृत ‘टंकशाला’वरून मराठीत ‘टाकसाळ’, उर्दूत ‘टकसाल’ आणि तेलुगूत ‘टंकसाल’ आले. फारसीतून आलेला ‘पुदिना’ तर थोड्याफार फरकाने तिन्ही भाषांत आहे. म्हणजे इंग्रजीत जे दोन शब्द एकरूप झाले, ते विद्यार्थ्याच्या घरच्या भाषेत आधीपासूनच वेगळे आहेत. ही त्याची उणीव नसून भांडवल आहे.

शिक्षकांनी पुढील क्रम अवलंबावा. ‘मिंट’ असलेली सहा वाक्ये फळ्यावर लिहावीत; विद्यार्थ्यांनी प्रत्येकाखाली ‘टाकसाळ’ किंवा ‘पुदिना’ यांपैकी जवळचा शब्द लिहावा; मग शब्दकोश उघडावा. चांगल्या कोशात मूळ वेगळे असेल तर नोंद वेगळी आणि तिचा क्रमांकही वेगळा असतो. एका मुळाचे अनेक अर्थ मात्र एकाच नोंदीखाली येतात. पाककलेच्या विद्यार्थ्याला एक ‘मिंट’ लागेल, हिशेबनीसाच्या विद्यार्थ्याला दुसरे. पण कोश वाचण्याची ही रीत दोघांनाही उपयोगी आहे. ‘बँक’ म्हणजे पेढी आणि ‘बँक’ म्हणजे नदीकाठ, ही जोडीही याच रीतीने शिकवता येईल.

निष्कर्ष

एकाच शब्दाचे अनेक अर्थ आणि एकाच रूपात आलेले अनेक शब्द, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. हा भेद स्वतःच्या भाषेच्या आधारे कळला की इंग्रजी परकी असली तरी अगम्य राहत नाही. मातृभाषेचे शब्द वर्गाबाहेर ठेवणारा शिक्षक विद्यार्थ्याच्या हातातले खणखणीत नाणेच काढून घेत असतो.