स्वदेशी लढाऊ विमान : खर्च कीं विद्या?

लढाऊ विमानें घरीं बनविण्याचा खटाटोप आपल्या देशानें करूं नये, तीं तयार विकत घ्यावीं, असें मत पुष्कळ सुशिक्षित कुटुंबांतून ऐकूं येतें. त्यास आधारही आहे. १९८३ सालीं मंजूर झालेलें ‘तेजस’ विमान हवाई दलांत दाखल व्हावयास २०१६ साल उजाडलें. त्यासाठीं योजिलेलें ‘कावेरी’ इंजिन पुरेसा जोर देईना, म्हणून अमेरिकन इंजिन बसवावें लागलें. नोव्हेंबर २०२५ मध्यें तर दुबईच्या प्रदर्शनांत एक तेजस कोसळलें व वैमानिक प्राणांस मुकला.

तथापि हात आखडल्याचा परिणामही आपण पाहिला आहे. जर्मन अभियंते कुर्ट टांक यांच्या मार्गदर्शनाखालीं बंगळुरास झालेलें ‘मरुत’ १९६१ सालीं प्रथम उडालें. बांधा उत्तम, पण इंजिन दुबळें! अधिक जोराच्या इंजिनाचा खर्च सरकारनें उचलला नाहीं. अवघीं १४७ विमानें बांधून काम थांबलें, आणि तेजसच्या वेळीं पुनः श्रीगणेशा करावा लागला.

शिवाय कांहीं विद्या द्रव्य मोजूनही मिळत नाहीं. चपळाईसाठीं तेजसची रचना मुद्दाम अस्थिर ठेविली आहे; संगणकानें क्षणोक्षणीं तोल सांवरला नाहीं तर तें उडूंच शकत नाहीं. या कामीं अमेरिकेचें साहाय्य होतें. १९९८ च्या अणुचांचणीनंतर तें बंद झालें. आमच्या अभियंत्यांनीं तें काम स्वतः पुरें केलें, आणि ४ जानेवारी २००१ रोजीं तेजस आकाशांत झेंपावलें.

मात्र दिरंगाईस क्षमा नाहीं. नवें विमान वेळेवर न आल्यामुळें १९६३ पासूनचीं ‘मिग-२१’ विमानें सप्टेंबर २०२५ पर्यंत वापरावीं लागलीं, आणि त्यांच्या अपघातांत कित्येक घरांतील तरुण गेले. हा खर्च कोणत्याही अंदाजपत्रकांत दिसत नाहीं.

म्हणून आमचें मत असें, कीं पैसा द्यावा, पण हिशेब मागून द्यावा. मुदती पाळाव्या, अपघातांचीं कारणें लपवूं नयेत, आणि इंजिनाची विद्या अर्ध्यावर सोडूं नये. ज्या नाशिकजवळच्या ओझरास एके काळीं मिग बांधले जात, तेथेंच बांधलेलें पहिलें तेजस ऑक्टोबर २०२५ मध्यें उडालें. आतां तरी मरुतची पुनरावृत्ति होऊं नये, एवढी जागरूकता वाचकांनीं ठेवावी.