बिडाचा पाइप कापताना : आधी आधार, मग करवत

जुन्या घरांतील आणि जुन्या क्वार्टरमधील संडास-मोरीचे पाइप बहुधा बिडाचे असतात. असा पाइप वर्षानुवर्षे टिकतो. पण एकदा तडा गेला, की भिंत ओलावते, दुर्गंधी सुटते आणि रोगराई घरात शिरते. मग तेवढा तुकडा कापून तेथे पी.व्ही.सी.चा पाइप बसवावा लागतो. आपले कितीतरी तरुण बांधकामावर किंवा प्लंबरच्या हाताखाली राबतात. त्यामुळे घरी असे काम निघाले, की घरचाच भाऊ नाहीतर शेजारचा मुलगा हातोडा घेऊन उभा राहतो. आपले काम आपण करावे, हे चांगलेच आहे. परंतु हे काम नुसत्या हिमतीचे नाही, रीतीचे आहे. ती रीत आम्ही येथे देत आहोत.

बीड वाकत नाही, फुटते

बिडाचा तवा माताभगिनींना चांगला माहीत आहे. तो वाकत नाही. हातून फरशीवर पडला तर फुटतो. बीड म्हणजे शेकडा दोन ते चार भाग कार्बन असलेले ओतीव लोखंड. हा कार्बन धातूच्या आत बारीक पापुद्र्यांसारखा पसरलेला असतो आणि तडा त्या पापुद्र्यांतून धावतो. म्हणून बीड दाब सोसते, ठोका सोसत नाही. पाइपभोवती सरळ खाच पाडली, तर तडा खाचेतून जातो. खाच न पाडता घण घातला, तर तडा वाटेल तिकडे पळतो, धारदार कपच्या उडतात आणि वरचा चांगला पाइपही फुटतो.

आधी पाइप ओळखावा

पाइपला लोहचुंबक लावून पाहावे. चिकटला तर पाइप लोखंडाचा किंवा बिडाचा. चिकटला नाही आणि पाइप सिमेंटसारखा राखाडी असला, तर तो अ‍ॅस्बेस्टॉस-सिमेंटचा असू शकतो. त्याला घरी करवत लावू नये. त्याची धूळ फुप्फुसात जाऊन बसते आणि पुढे कर्करोगही होऊ शकतो. रस्त्याखालची सार्वजनिक नळवाहिनीही आपण कापायची नाही. तेथे तक्रार नोंदवावी.

आधार दिल्याशिवाय हात लावू नये

चार इंची, सहा फुटी बिडाच्या पाइपचे वजन वीस किलोच्या आसपास असते. खालचा तुकडा कापताच वरचा सगळा भार सुटतो. म्हणून कापायच्या जागेच्या वर आणि खाली पाइप लोखंडी पट्ट्यांनी भिंतीला पक्का जखडावा. जुन्या गंजलेल्या पट्ट्यांवर विसंबू नये. उंचावरचे काम मजबूत परांचीवरून करावे. शिडीवर एका हाताने तोल सांभाळत मुळीच करू नये. वरच्या बिऱ्हाडांना आधी सांगून संडास-मोरीचा वापर थांबवावा. मुलाबाळांना लांब ठेवावे.

डोळ्यांवर बाजूने बंद असलेला चष्मा, नाकातोंडावर धुळीचा मास्क, हातात चामड्याचे मोजे आणि पायात बूट हवेत. चपलेवर हे काम नको.

कापण्याच्या तीन रीती

पहिली, करवत आणि छन्नी. सरळ काठाची कागदाची पट्टी पाइपभोवती गुंडाळून दोन्ही टोके जुळवावीत आणि काठालगत खडूने रेघ ओढावी. त्या रेघेवर लोखंड कापायच्या करवतीने सगळीकडून सारखी खाच पाडावी. पाते दातांची दिशा पुढे ठेवून लावावे. तेल लागत नाही. पाइप सुटा असेल, तर तो वाळूच्या ढिगावर आडवा ठेवून खाचेत छन्नी धरावी आणि फिरवत फिरवत हलके ठोके द्यावेत. दोन-तीन फेऱ्यांत तो तुटतो. भिंतीवरच्या पाइपवर मात्र छन्नी चालवू नये. तो करवतीनेच शेवटपर्यंत कापावा. वेळ लागतो, पण धोका कमी.

दुसरी, साखळी कटर. चाकत्या असलेली साखळी पाइपभोवती आवळत नेली, की पाइप कट्‌कन तुटतो. ठिणगी उडत नाही. हे अवजार भाड्याने मिळाले तर उत्तम. मात्र गंजून पातळ झालेला पाइप त्याने चिरडतो.

तिसरी, ग्राइंडर. वेग अधिक, तसा धोकाही अधिक. चकतीवरचे झाकण काढू नये. लाकूड कापायचे पाते लावू नये. मशीन दोन्ही हातांनी धरावे आणि ओल्या फरशीवर उभे राहू नये. उन्हासाठी डोक्याला बांधलेला दुपट्टा सोडून ठेवावा. त्याचे टोक चकतीत सापडले तर मान ओढली जाते. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात वेचणीनंतर कित्येक घरांत कापूस साठवलेला असतो. एका ठिणगीने तो पेटेल. अशा घरात ग्राइंडर लावूच नये.

पाइपमधला वायू

संडासाच्या पाइपचे दुसरे टोक बहुधा सेप्टिक टाकीत असते. टाकीत मिथेन होतो, तो पेट घेतो. हायड्रोजन सल्फाइड होतो, तो विषारी. त्याचा कुजका वास काही वेळाने नाकाला कळेनासा होतो, म्हणून वास नाही म्हणजे धोका नाही असे समजू नये. दारे-खिडक्या उघडाव्यात, पाइपमध्ये भरपूर पाणी सोडावे. जोडलेल्या पाइपवर ग्राइंडर न लावता करवत लावावी. बीड कापताना बिडी तर नकोच. कापल्यावर उघडे तोंड ओल्या फडक्याने बंद करावे.

तुकडा टाकीत पडला किंवा टाकी तुंबली, तरी कोणीही आत उतरू नये. कोणाला उतरवूही नये. 2013 च्या कायद्याने माणसाला गटारात किंवा सेप्टिक टाकीत धोकादायक सफाईसाठी उतरवणे हा गुन्हा ठरवला आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली अशा मृत्यूसाठी 10 लाख रुपये भरपाई ठरवली आणि ऑक्टोबर 2023 मध्ये ती 30 लाख केली. परंतु पैशाने माणूस परत येत नाही. ज्या कामाने आपल्या माणसांचे पिढ्यान्‌पिढ्या बळी घेतले, ते काम आपल्या अंगणात आपणच कोणाला सांगू नये. उपसा यंत्रानेच करावा.

काम झाल्यावर

कापलेली कड कानशीने घासावी. जुन्या सांध्यांत शिसे असते. ते भंगारासाठी चुलीवर वितळवू नये. त्याची वाफ विषारी असते आणि लहान मुलांच्या मेंदूला इजा करते. हात साबणाने धुऊन मगच जेवावे. कपची लागली तर जखम धुऊन धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे. डोळ्यात कण गेला तर डोळा चोळू नये, काडीने किंवा पदराने काढू नये. स्वच्छ फडक्याने झाकून तडक सरकारी दवाखाना गाठावा.

आता हिशेब पाहा. चष्मा आणि मास्क यांचा खर्च एका दिवसाच्या मजुरीपेक्षा कमी आहे. डोळा गेला तर जन्माची मजुरी जाते. आपले जे तरुण हेच काम पुण्या-नागपूरला ठेकेदाराकडे करतात, त्यांनी ही साधने हक्काने मागावीत. 18 ते 60 वर्षे वयाच्या आणि वर्षभरात 90 दिवस काम केलेल्या बांधकाम कामगाराला राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करता येते. प्लंबरचे कामही त्यात येते. जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात चौकशी करावी आणि वस्तीतील एकही कामगार नोंदणीवाचून राहणार नाही, हे प्रत्येक घराने पाहावे.