चिकटपट्टी लावलेला बाँड

नांदेड. कचेरीबाहेर लिंबाखाली दस्तलेखकाचं टेबल. माझ्यापुढे साठीच्या एक मावशी उभ्या आहेत. किराणा दुकानाच्या पिशवीतून त्या शंभराचा बाँड काढतात. घड्यांवर विरलाय, मागून चिकटपट्टी लावलीय. दस्तलेखक मोठ्यानं वाचतो, “वीस बाय पन्नास. पूर्वेस रस्ता, पश्चिमेस प्लॉट नंबर चौदा...”

म्हणजे हजार चौरस फूट. गुंठाच 1089 चौरस फुटांचा, तेव्हा प्लॉट धड गुंठाभरही नाही; आणि तुकडेबंदी कायद्याला जिरायतीत निदान वीस गुंठे लागतात. 1947चा हा कायदा शेताच्या चिंध्या होऊ नयेत म्हणून केलेला. पुढे शहर शेतात शिरलं. जुलै 2021च्या परिपत्रकानं गुंठ्यांची रजिस्ट्री अडली, विक्री मात्र अडली नाही. ती बाँडवर होऊ लागली. मावशींनी त्याच दिवाळीत प्लॉट घेतलाय. लातूरला गेल्या महिन्यात असाच कागद पाहिला होता. मजकूर जवळपास हाच, चतुःसीमा तेवढ्या वेगळ्या.

“घर बांधलं, नळ आला, लाइट बिल मपल्या नावावर. मग सातबारा कामून नाही?”

“बाँडनं मालकी येत नाही मावशी. नोंदवलेलं खरेदीखत लागतं.”

“टीव्हीवर तर सांगायलेत, समदे गुंठे फुकटात कायदेशीर झाले म्हणून.”

टीव्ही अगदीच खोटं सांगत नाही. नोव्हेंबर 2025च्या अध्यादेशानं 15 नोव्हेंबर 1965 ते 15 ऑक्टोबर 2024 या काळातले शहरी भागातले तुकडे शुल्क न घेता नियमित करायचं ठरलंय. पण खरेदीखताचं मुद्रांक शुल्क सुटत नाही आणि विकणाऱ्याची सही तर नाहीच नाही. एवढं ऐकायच्या आत लोक चॅनल बदलतात.

“मालकाला घेऊन या.”

“तो वारला की हो. दोन वर्षं झाली.”

दस्तलेखक कोरा कागद ओढतो. “वारस सांगा.” मावशी बोटांवर मोजतात: बायको, तीन पोरं, तीन लेकी. धाकटी हैदराबादला दिलेली. सात नावं होतात.

“ह्या सगळ्यांच्या सह्या लागतील.”

“थोरला म्हणायलाय, भाव वाढलाय. दोन लाख द्या, मग सही करतो.”

दस्तलेखक काही बोलत नाही. बाँड टेबलावर उघडाच आहे. त्यावर प्लॉटची किंमत लिहिलीय: तीन लाख रुपये.